अंगठा देण्याआधी

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. आमच्या घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस छत्रपती कारखान्याकडे चालल्या होत्या. अशा एका रविवारी सकाळी खाला आल्या. हातात औषधांची पिशवी. चहा होईपर्यंत त्यांनी पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

"बेटी, जरा पढ को बता. क्या लिखे की इसमें."

खालांना अकरा वर्षांपासून शुगर आहे. तपासणीसाठी त्या पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात जातात. मागच्या खेपेला तिथे एका नव्या गोळीचा अभ्यास चालू असल्याचे त्यांना सांगण्यात आले. गोळी फुकट, तपासण्या फुकट, येण्याजाण्याचा खर्चही मिळणार. समोर कागद आले. खालांना वाचता येत नाही. बोटाला शाई लावून त्यांनी अंगठा दिला आणि घरी आल्या.

मी कागद मोजले. सोळा पाने होती. मराठीतच होती, पण ते मराठी वाचताना मलाही दोनदा थांबावे लागले. शेवटच्या पानावर खालांचा अंगठा आणि त्याखाली साक्षीदार म्हणून कोणाची तरी सही. "ही सही कोणाची?" मी विचारले. खालांना माहीत नव्हते.

"आणि यात काय आहे, असे तुम्हाला सांगितले?"

"नवी गोली आई, अच्छी हय, बोले. डाक्टर साब बोले, तो अच्छाच होयंगा ना?"

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

उपचार आणि संशोधन

सातव्या पानावर खरी गोष्ट होती. अभ्यासात येणाऱ्या लोकांचे दोन गट होणार होते. सगळ्यांची जुनी औषधे चालू राहणार. त्यावर एका गटाला नवी गोळी आणि दुसऱ्या गटाला अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोण कोणत्या गटात जाणार, हे संगणक ठरवणार. हे मी खालांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "फिर मेरे को कौनसी देंगे?"

"ते डॉक्टरांनाही माहीत नसणार."

"डाक्टर को भी नहीं मालूम?" खालांनी कप खाली ठेवला.

डॉक्टरांना माहीत नसणे ही फसवणूक नाही, हे आधी सांगायला हवे. नवे औषध खरेच गुणकारी आहे की माणसाला नुसते बरे वाटते आहे, हे कळण्यासाठी तुलना करावी लागते. कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांना किंवा रुग्णाला कळले, तर दोघांच्याही मनाचा कल त्या तुलनेत मिसळतो. म्हणून नाणेफेक केल्यासारखी वाटणी करतात. शास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे.

पण खाला ज्यासाठी अंगठा देऊन आल्या होत्या, ते हे नव्हते. डॉक्टरांनी आपल्यासाठी एक चांगली गोळी निवडली, असे त्या समजत होत्या. उपचार माझ्यासाठी असतो. संशोधन पुढे येणाऱ्या रुग्णांसाठी असते. त्यातून मला फायदा होईल, कदाचित होणार नाही, क्वचित त्रासही होईल. हा फरक रुग्णाच्या ध्यानात येत नाही, याकडे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपेलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली लक्ष वेधले. संशोधनात सामील झालेली माणसे त्यालाच आपला उपचार समजतात, असे त्यांना दिसले. शिकलेली माणसेही या गैरसमजातून सुटत नाहीत. म्हणजे हा दोष खालांच्या निरक्षरतेचा नाही. पांढरा कोट घातलेला माणूस माझ्या भल्याचेच करणार, हा विश्वास आपल्या सगळ्यांच्या मनात घट्ट बसलेला आहे.

मी खालांना निकाहाचे उदाहरण दिले. निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह मुलीकडे जातात. ते नुसते "कबूल आहे का?" असे विचारत नाहीत. मुलाचे नाव सांगतात, त्याच्या वडिलांचे नाव सांगतात, मेहरची रक्कम सांगतात आणि मग विचारतात. गवाह तिथे हजर असतात, स्वतःच्या कानाने ऐकतात. मुलाचे नाव न सांगता, मेहर न सांगता कोणी घाईघाईने "हो" म्हणवून घेतले, तर त्याला आपण निकाह म्हणू का?

खाला हसल्या. म्हणाल्या, "मग माझा तर नवऱ्याचं नाव न सांगताच लावला की!"

धाराशिवच्या बायका

हा प्रश्न एकट्या खालांचा नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत याच प्रश्नावर जगभर चर्चा झालेला एक मोठा अभ्यास होऊन गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीलाच सुरू झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने बार्शीच्या मदतीने १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या.

हा कर्करोग हळूहळू वाढतो. वेळेवर तपासणी झाली तर तो होण्याआधीच अडवता येतो. प्रश्न असा होता की खेड्यापाड्यांत कोणती तपासणी उपयोगी पडेल? त्यासाठी गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी केली. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी करायची नाही. त्यांना गावात एरवी मिळते तेवढीच आरोग्यसेवा, आणि पुढची काही वर्षे फक्त लक्ष ठेवायचे.

निकाल २००९ साली एप्रिलमध्ये जगातल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. या कर्करोगाला कारण असलेल्या विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच झाली होती, त्यातल्या ३४ बायका या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटातल्या ६४. मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आयुष्यात एकदा केलेली तपासणीसुद्धा जीव वाचवते, हे धाराशिवच्या बायकांमुळे जगाला कळले. पुढे अनेक गरीब देशांतल्या तपासणीच्या धोरणांना या निकालाचा आधार मिळाला.

पण त्या ६४ बायकांचे काय? मुंबईच्या वस्त्यांमध्येही टाटा रुग्णालयाने १९९८पासून सुमारे दीड लाख बायकांचा असाच अभ्यास केला. तिथे आरोग्य सेविका साध्या व्हिनेगरने तपासणी करत. त्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असा निकाल २०१३ साली आला. तिथेही निम्म्या बायका बिनतपासणीच्या गटात होत्या. या अभ्यासांवर देशातल्या आणि परदेशातल्या काही डॉक्टरांनी सडकून टीका केली. तपासणी उपयोगी आहे हे जगाला आधीपासून माहीत होते, मग हजारो बायकांना तिच्याविना का ठेवले? आणि मुख्य म्हणजे, अशी तपासणी असते, ती दुसरीकडे करून घेता येते, हे त्या बायकांना कळेल असे सांगितले होते का? मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकेचा सरकारी पैसा होता. त्यामुळे तिथल्या सरकारी कार्यालयाने चौकशी केली आणि संमती घेताना दिलेली माहिती अपुरी होती, असे मत दिले.

संशोधकांचे उत्तरही ऐकायला हवे. ते म्हणाले, भारतात सामान्य बाईला अशी तपासणी मिळतच नव्हती. आम्ही कोणाच्या हातातले काढून घेतले नाही. परदेशातली महागडी पद्धत इथे चालेल की नाही, हे तुलना केल्याशिवाय कळले नसते आणि सरकारने त्यावर पैसा घातला नसता.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी डॉक्टर नाही, या वादाचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण एक शिक्षिका म्हणून मला एक गोष्ट दिसते. तिथे नाणे बाईसाठी उडवले नव्हते, गावासाठी उडवले होते. आपले गाव कोणत्या गटात गेले, शेजारच्या गावात काय चालले आहे आणि तेच आपल्या गावात का होत नाही, हे जिला उमगले असेल, तिच्या 'हो'ला वजन आहे. जिला उमगले नाही, तिने कागदावर सही केली तरी ती गवाह नसलेल्या निकाहासारखीच.

माझ्या चार सह्या

आता मला स्वतःबद्दल लिहायचे आहे. हे लिहायला मला सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे लोक शाळेत आले होते. मुलांच्या अंगात रक्त किती आहे, याचा अभ्यास होता. बोटातून थोडे रक्त घ्यायचे, आहाराचे काही प्रश्न विचारायचे. काम चांगलेच होते. पालकांच्या संमतीचे कागद वर्गशिक्षकांकडे दिले आणि दोन दिवसांत गोळा करून द्या, असे सांगितले. मी वर्गात कागद वाटले आणि म्हणाले, "उद्या सह्या घेऊन या." त्यात काय लिहिले आहे, हे मी सांगितले नाही. खरे म्हणजे मीही ते पूर्ण वाचले नव्हते.

माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची चार मुले होती. बीडकडच्या टोळ्या हंगामात कारखान्याजवळ उतरतात, कोप्या बांधून राहतात. आईबाप पहाटे अंधारातच फडात जातात ते संध्याकाळी परततात. दुसऱ्या दिवशी त्या चौघांचे कागद कोरेच परत आले. शेवटचा दिवस होता. मी पेन काढले आणि 'पालक' या शब्दापुढे चार सह्या केल्या.

मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट, मुले तपासणीला मुकली नाहीत, याचे समाधान वाटले. मुलांचे काही बिघडलेही नाही. पण त्या चौघांतली एक मुलगी सुईला इतकी घाबरली की तिला दोघींनी धरावे लागले. ती रडत म्हणत होती, "माझ्या आईला इचारलंय का?"

तेव्हा मी तिला म्हणाले, "हो, विचारलंय."

पुढे एक सरकारी अहवाल वाचनात आला आणि मला ती मुलगी आठवली. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, जो आता तेलंगणात आहे, १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४,००० मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला रोखणारी लस देण्यात आली. 'पाथ' ही अमेरिकेतली संस्था आणि आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा तो प्रकल्प होता. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातही तो झाला. बऱ्याच मुली आदिवासी आणि वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. ओरड झाल्यावर एप्रिल २०१०मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. त्या काळात सात मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे झालेले दिसत नाहीत, असेच सरकारी चौकशीत आढळले. लस वाईट होती असेही नाही. ती आज अनेक देशांत मुलींना दिली जाते. पण संसदेच्या समितीने ऑगस्ट २०१३च्या आपल्या अहवालात संमतीच्या कागदांचा हिशोब मांडला. आंध्रातल्या ९,५४३ कागदांपैकी १,९४८ कागदांवर अंगठे होते आणि २,७६३ कागदांवर वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. 'पाथ'ने समितीचे आरोप फेटाळले. ही औषधाची चाचणी नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. पण सह्यांचे ते आकडे तसेच राहिले.

ते वॉर्डन दुष्ट नसणार. मुलींचे भले होते आहे, वरून आदेश आहे, मुदत संपते आहे, असेच त्यांनाही वाटले असेल. अगदी माझ्यासारखे.

'हो' कुठून येते?

आपण 'हो' का म्हणतो, याचा विचार केला तर बरीच कारणे सापडतात आणि त्यातली थोडीच खऱ्या राजीखुशीची असतात.

पहिले कारण आदब. डॉक्टर, तलाठी, हेडमास्तर यांना उलट विचारायचे नाही, असे वळण आपल्याला लहानपणापासून लागलेले असते. मला कळले नाही, असे सांगायची लाज वाटते. दुसरे कारण भीती. नाही म्हटले तर डॉक्टर रागावतील, पुढच्या खेपेला नीट बघणार नाहीत. खालांनी नंतर मला हेच सांगितले. तिसरे कारण गरज. फुकट तपासणी आणि प्रवासखर्च हे सुखवस्तू माणसाला किरकोळ वाटते, पण ज्याची एका दिवसाची मजुरी बुडते त्याला ते मोठे वाटते. चौथे कारण घर. आपल्याकडे बाईचा निर्णय बऱ्याचदा नवरा किंवा मुलगा घेतो. घरच्यांचा सल्ला घेणे चांगलेच आहे, पण सुई जिच्या दंडात जाणार तिच्या तोंडून 'हो' यायला हवे.

आणि पाचवे कारण विश्वास. हे सगळ्यात नाजूक आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा तरुण आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली आणि त्यांना पाहून खोजा जमातीतले हजारो लोक पुढे आले. मोठ्या माणसाने आधी स्वतःच्या अंगावर घेतले, म्हणून त्या विश्वासाला मोल होते. पण तुरुंगातल्या कैद्याने 'हो' म्हटले, तर ते कितपत मोकळेपणाने? त्या काळी हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

विश्वासाचा गैरफायदा घेतला की काय होते, हे अमेरिकेतल्या टस्कीगीत दिसले. १९३२पासून १९७२पर्यंत चाळीस वर्षे सुमारे सहाशे गरीब काळ्या पुरुषांवर नुसते लक्ष ठेवले गेले. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलीन हे औषध आल्यावरही त्यांना ते दिले नाही, आणि आपण अभ्यासाचा विषय आहोत हेही सांगितले नाही. तुमच्यावर उपचार चालू आहेत, असेच ते समजत राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्युरेंबर्ग इथे जे दहा नियम ठरले, त्यात पहिलाच नियम होता की माणसाची स्वतःच्या मर्जीने दिलेली संमती हवीच. टस्कीगीचा अभ्यास त्यानंतरही पंचवीस वर्षे चालला.

आपल्या इतिहासातही संमतीचा कागद सापडतो. उस्मानी तुर्कांच्या राज्यात सोळाव्या-सतराव्या शतकात मूतखड्यासारख्या अवघड शस्त्रक्रियेआधी रुग्ण आणि जर्राह काझीसमोर येत आणि साक्षीदारांदेखत करार नोंदवत. त्याला 'रिझा सेनेदी', म्हणजे राजीपणाची सनद म्हणत. उर्दूतला 'रज़ामंदी', मराठीतले 'राजी' आणि 'रजा' हे शब्द त्याच अरबी मुळाचे. मात्र त्या सनदेत बहुधा रुग्ण लिहून देत असे की मी दगावलो तर माझे वारस भरपाई मागणार नाहीत. म्हणजे कागद जर्राहाला वाचवण्यासाठी असे. आजही कागद कोणाला वाचवतो आहे, हे बघायला हवे.

कायद्याने दिलेले हक्क

आपल्या देशात २०१९चे नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम लागू आहेत. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात.

माहितीचा कागद रुग्णाला समजेल अशा भाषेत हवा आणि त्याची, तसेच सही केलेल्या संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यावी लागते. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. नंतर येऊन सही करणारा साक्षीदार चालत नाही. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुबळ्या, असहाय गटातल्या लोकांची संमती घेतानाचे चित्रीकरण करावे लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि ठरलेली भरपाई मिळते. मध्येच कधीही, कारण न देता बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

प्रत्येक चाचणीला आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात. त्यात एक कायदा जाणणारा, किमान एक स्त्री आणि एक अगदी सामान्य नागरिक हवा. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. चाचणीची नोंद देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत करणे २००९पासून बंधनकारक आहे. मुलांसाठी आईवडिलांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा, असे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मार्गदर्शन आहे. बारा वर्षांपुढे तो होकार लेखी हवा.

माझ्या त्या चार सह्या यातल्या कोणत्याच नियमात बसत नव्हत्या.

संशोधन नकोच का?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग या भानगडीत पडूच नये. तसे नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू गावाच्या परिसरात, आणि दिल्ली व वेल्लोर इथे, रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची चाचणी २०११पासून झाली. तान्ह्या बाळांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांवरची ही लस. ६,७९९ बाळे त्यात होती. ४,५३२ बाळांना लस मिळाली, २,२६७ बाळांना औषध नसलेले थेंब. पहिल्या वर्षात या विषाणूच्या गंभीर जुलाबांचे प्रमाण लसीने निम्म्याहून खाली आणले. २०१६पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. आज अंगणवाडीत आपल्या नातवंडांना जे थेंब फुकट मिळतात, त्यांच्यामागे कुठल्या तरी आईने दिलेला होकार आहे. हे सवाबाचे काम आहे. पण खैरात माणूस स्वतःच्या हाताने देतो. न कळत खिशातून गेलेल्या पैशाला खैरात म्हणत नाहीत.

म्हणून कागद समोर आला तर हे विचारावे:

हा माझा उपचार आहे की संशोधन? मी सामील झाले नाही तर मला कोणते उपचार मिळतील? मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का? त्रास काय होऊ शकतो आणि रात्रीबेरात्री झाला तर कोणाला फोन करायचा? किती खेपा, किती वेळा रक्त? इजा झाली तर खर्च कोण करणार? मध्येच सोडता येईल का? हा कागद मी घरी नेऊन विचार करू शकते का?

आणि आपण दुसऱ्याला कागद वाचून दाखवत असू, तर वाचून झाल्यावर "समजलं का?" असे विचारू नये. त्यावर सगळे मान डोलावतात, हे आम्हा शिक्षकांइतके कोणाला माहीत असणार? त्याऐवजी म्हणावे, "आता तुम्ही मला सांगा, यात काय आहे." जे सांगता आले, तेवढेच समजले.

खालांचा प्रश्न

मी खालांना असेच विचारले. त्यांनी गट सांगितले, खेपा सांगितल्या, खोटी गोळीही सांगितली. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "सहा महिने बोलते ना? बीच में रमज़ान हय. रोज़े का क्या?"

सोळा पानांत रोज्याबद्दल एक शब्द नव्हता. गोळी सकाळी आणि दुपारी जेवणानंतर घ्यायची होती. मी चारदा वाचूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो. अभ्यासाच्या तरुण डॉक्टरीण बाईंनी आम्हाला बसवून घेतले आणि पाऊण तास दिला, हे मी आवर्जून लिहिते. साक्षीदाराच्या सहीबद्दल मी विचारले तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तसं व्हायला नको होतं." रोज्याचा प्रश्न त्यांनी वहीत लिहून घेतला. दुपारची गोळी चुकवता येणार नाही, असेही स्पष्ट सांगितले. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, हे खालांना माहीत आहे. काही रोजे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडलेही आहेत. पण कोणते रोजे धरायचे, हे त्यांना स्वतः ठरवायचे होते. त्या म्हणाल्या, "मेरे को नहीं जमने का. पण माझी जुनी गोळी बंद नाही ना करणार?"

"अजिबात नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आणि केलीही नाही. मार्चमध्ये त्याच रुग्णालयात खालांची नेहमीची तपासणी झाली.

जानेवारीत आमच्या शाळेत मुलांच्या दातांच्या अभ्यासाचे कागद आले. पुन्हा तीच दोन दिवसांची मुदत. मी आठ दिवस मागून घेतले. संध्याकाळी कारखान्यामागच्या कोप्यांवर गेले. चुली पेटल्या होत्या, बाया भाकरी थापत होत्या. तिथेच बसून कागद वाचला आणि त्यांना परत सांगायला लावले. तिघींनी अंगठे दिले. चौथीने सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाई, राग मानू नका, पर मला नगं."

मी तिला म्हणाले, "राग कसला?" आणि कागदावर 'संमती नाही' असे लिहून तिला वाचून दाखवले. तिने माझ्यासाठी चहा ठेवला.